पाळीवरून मारलेली हाक

आमच्या गावात पोरगं आईच्या पोटातून येतं, पण त्याचं नाव येतं माझ्या मोठेबाबांच्या नरड्यातून. मोठेबाबा म्हणजे आमच्या बाबांचे थोरले भाऊ. आंबागडाच्या पायथ्याशी कोणाच्याही पोराचं बारसं असो, हे आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून ते नाव घेऊन बोंबलायचे. समोरच्या पाळीवर मी. ऐकू आलं तर हात वर करायचा, नाही आलं तर नाव बाद. "नाव लिवाले नसते बाबू, हाक माराले असते," हा त्यांचा कायदा. पोरगं धानाच्या बांधीत, माय चुलीपाशी. मधलं अंतर नावानंच तोडायचं ना! बलराम, सदाशिव पहिल्या झटक्यात पास. 'ध्रुव' मात्र अर्ध्या तलावात बुडालं. माझ्या बाजूच्या एका म्हशीनं तेवढी मान वर केली. अंगणवाडीसमोर एकदा त्यांनी "आरव!" म्हटलं, तर चार पोरं धावत आली. "हे नाव होय का हाजरी?" म्हणाले. त्यांची नक्कल मी अशी करायचो की मोठीआई आतून "आली, आली!" म्हणत चहा घेऊन यायची.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज उरला तो उशाशी बसलं तरच ऐकू येईल एवढा. मी नक्कल सोडली. गाव परस्पर बारशी उरकायला लागलं.

मग ताई बाळंतपणाला आली, पोरगा झाला. तिनं नाव काढलं 'रियांश'. अर्थ पाहिला तर मोबाईलवर एका ठिकाणी सूर्याचा अंश, दुसऱ्या ठिकाणी विष्णूचा.

"आधी ठरवा म्हना, कोनाचा होय तो," मोठेबाबा कुजबुजले.

"अर्थ राहू द्या. पाळीवर चला. पोहोचलं तरच ठेवीन," ताई म्हणाली.

"आता कोन आयकते माही हाक?"

"हा आहे ना," म्हणत तिनं मला पुढं ढकललं.

मी समोर जाऊन उभा राहिलो. मोठेबाबांनी पाय रोवले, दोन्ही तळवे तोंडाशी नेले, पार कमरेतून वाकले. माझ्यापर्यंत नुसता वारा आला. त्यांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी हात वर केला. एक पुरेल का असं वाटून दुसराही केला.

परतलो तर विचारतात, "पुरं आलं?"

"पुरं. शेवटचा श सुद्धा."

"नाव चांगलं हाय मंग. मले वाटलं होतं, माहाच आवाज..."

त्यांनी हाक मारली तेव्हा ताई त्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.