सीटबेल्टवरचा गाळ

मार्केट यार्डाजवळच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात बाबा आयुष्यातली पहिली गाडी घेत होते, पांढरी सेडान. तपासणीला दुकानदाराने आपलाच मेकॅनिक दिला. पन्नाशीच्या त्या माणसाने दाराला हात लावण्याआधी बोटं फडक्याला नीट पुसली.

“सांगा यांना, गाडी पुरात सापडलेली नाही,” दुकानदार म्हणाला.

मेकॅनिकने मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर वाळलेला गाळ होता.

“पाणी लागलंय, साहेब. घेऊ नका,” तो बाबांना म्हणाला.

“वा, सत्यवादी!” दुकानदार हसला. “उद्यापासून घरी बसून खरं बोला.”

“बरं. माझा डबा तेवढा घेतो.”

मी अन्यायाविरुद्ध कितीतरी पत्रकं लिहिली आहेत. त्यांतल्या एकाही ओळीपायी माझा डबा बंद झालेला नाही.