मोकळ्या हातानं आलेली कंपनी

ओझीट लावाले हिला शाळेतल्या इतिहासाचा लहानपणापासून तिटकारा. सनावळ्या घोकता घोकता ती बाकावरच पेंगायची. घरी मात्र बाप सापळे दुरुस्त करत पणजोबांच्या होडीच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा, की पोरांची जेवणं ताटात गार व्हायची. तोच इतिहास शाळेत झोप आणतो आणि घरी झोप उडवतो, हे तिच्या मनात पक्कं बसलं. पुढे रेड नदीकाठच्या त्याच शाळेत ती पाचवीची बाई झाली आणि पहिल्याच थंडीत मुलांना घेऊन शाळेमागच्या पॉपलरच्या रानात शिरली. तेव्हापासून तिचा कातड्यांचा खेळ सुरू आहे. गावातल्या निम्म्या लोकांनी तो खेळलाय. पोस्टातली बाई तर अजून फुशारकी मारते, की मी लपवलेलं कातडं कुणाच्या बापाला सापडलं नाही.

तपकिरी मोज्यांचा बोळा म्हणजे बीव्हरचं, नदीतल्या त्या मऊ केसांच्या प्राण्याचं, कातडं. काही मुलं त्या रानातल्या मूळच्या क्री जमातीचे शिकारी होऊन रानात लपवलेले बोळे हुडकायची, काही दोरीच्या रिंगणाच्या होडीत उभी राहून वाळूच्या पिशव्या वाहायची, आणि काही कातडी घ्यायला समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्यांच्या कंपनीचे व्यापारी होऊन मोडक्या कुंपणाच्या किल्ल्यात किटल्या नि घोंगड्या मांडून बसायची. नियम एकच, पण कडक. तव्यावर पळी वाजली की मादाम, म्हणजे ओझीटबाई, मुकी. मग कुणी रडो, भांडो की चुको, ती तोंड उघडणार नाही.

यंदा शाळेला नवे मुख्याध्यापक आले, थोरवाल्डसन. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

"परीक्षा तोंडावर आल्यात, मादाम," ते म्हणाले. "अर्धा दिवस मोजे गोळा करण्यात घालवायचा? मी येऊन बघतो. पटलं तर ठीक, नाहीतर हा शेवटचा खेळ."

"या की," ओझीट म्हणाली. "पण नुसतं बघायला आमच्याकडे कुणी येत नाही. तुम्ही किल्लेदार."

तव्यावर पळी वाजली. पोरं रानात उधळली. थोड्या वेळानं शिकाऱ्यांची म्होरकी डार्ला बिअर्डी मिठीभर मोजे घेऊन किल्ल्याच्या दाराशी आली. व्यापारी कोल्टन टुणकन पुढे.

"चार कातड्यांना किटली! चल, आण इकडे!"

डार्लानं मोजे खाली ठेवले, त्यांच्यावर बैठक मारली आणि झाडांकडे बघत बसली. तिच्या मागचे शिकारीही बसले.

"बरं, तीन! अगं, बोल ना! दोन घे! मादाम, ही बघा ना, खेळतच नाहीये!"

मादाम मुकी. काय चुकलंय ते तिला ठाऊक होतं. आदल्या दिवशीच तर तिनं वर्गात घसा फोडून सांगितलं होतं, आणि तेव्हा कोल्टन खिडकीबाहेर खार बघत होता. एका वाक्यात सगळं मार्गी लागलं असतं. मुख्याध्यापक साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. आपला खेळ आपल्या डोळ्यांदेखत बुडतोय, हे ओझीटला दिसत होतं आणि जीभ वळवळत होती. पण आपण बोललो तर मुलं एवढंच शिकतील, की मादामला सगळं येतं. तिनं डार्लाच्या ताठ पाठीकडे पाहिलं आणि तिला धीर आला. पोरगी रुसली नव्हती, वाट बघत होती.

शेवटी किल्लेदारच पुढे झाले. "हे बघ बाळ, सगळ्यांचा वेळ चाललाय. तुला हवंय तरी काय?"

"मला कुठे काय हवंय, सर? कातडी तुम्हाला हवीत," डार्ला म्हणाली. "आमच्या आजोबांकडे काही मागायला कुणी मोकळ्या हातानं येत नाही. आधी काहीतरी पुढे ठेवतात, बसतात, बोलतात. तुम्ही आल्या आल्या भावच सांगताय. तेही आमच्याच रानात येऊन."

"अरे बापरे!" कोल्टननं कपाळावर हात मारला. "कालचं ते! आधी भेट द्यायची, मग भाव!"

साहेबांनी खिसे चाचपले. मग खांद्यावरचा थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि दहिवरावर गुडघे टेकून झाकण डार्लापुढे ठेवलं.

तिनं एक घोट घेतला. "साखर नाहीये."

"नाहीये खरी," साहेब ओशाळले.

"चालेल." तिनं पहिला मोजा उचलून पुढे केला, आणि मग जो काही बाजार भरला, त्याचा गलका नदीपर्यंत गेला.

खेळ संपताच साहेब थर्मास उचलून परीक्षेच्या कामाला निघून गेले. सोमवारी शाळा सुटल्यावर ते ओझीटच्या वर्गात आले, टेबलावर चहाचं पाकीट ठेवलं, शेजारी साखरेचा पुडा ठेवला आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीत कसेबसे बसले. पुडा बघूनच ओझीटच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं किटली लावली. थंडीबद्दल बोलणं झालं, नदी कधी गोठेल याबद्दल झालं, त्यांच्या आईच्या सांधेदुखीबद्दलही झालं.

दुसरा कप संपला तसे ते म्हणाले, "आता विचारू?"

"विचारा."

"सहावी-सातवीलाही खेळवाल का?"

"खेळवीन. पण अख्खा दिवस लागेल."

"अर्धा."

ओझीटनं कप खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघत बसली.

"बरं, अख्खा," साहेब घाईघाईनं म्हणाले.