पळसाच्या पानांचे नाना

धरणगावच्या अक्कांनी मला आसरा दिला नसता, तर मी आज कुठं असतो कोण जाणे. म्हणून आधी त्यांचं नाव घेतो, मग पुढचं. हे पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

मी साताऱ्याकडचा. मराठी तिसरीतून शाळा सुटली ती सुटलीच. कापसाच्या जिनात काम मिळेल म्हणून इतक्या लांब आलो. ओळख ना पाळख. अक्कांनी ओसरीवर जागा दिली, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी दिली, तापात कपाळावर हात ठेवला. आणि त्यांचे यजमान, नाना — त्यांनी मला वैताग दिला. खरंच सांगतो. सातपुड्याच्या कड्यावरून मध काढायला जा, मोकाट वळूवर बस, भरल्या तापीत उडी टाक — एका जागी म्हणून टिकायचे नाहीत. महिना महिना डोंगरात पावरा आदिवासींच्या पाड्यावर राहून यायचे. आणि असल्या उद्योगांत बरोबर कोण? मी! कपडे धरायला.

त्या श्रावणातही तेच. तापीला पूर आलेला, नाव बंद. नानांना नदीपलीकडची, चोपड्याकडची कुस्ती बघायचीच होती. म्हणाले, "मी तठे पोचनू का लाल फेटा हालावसू. तो देख, नि घर जाईसन तिले सांग. नहीं ते ती जेवाव नहीं." ती म्हणजे अक्का. फेटा डोक्याला घट्ट आवळला आणि पाण्यात शिरले.

मी काय करायचं होतं? बघायचं. एवढंच ना? पण किती वेळा बघायचं माणसानं? दरवेळी आपण काठावर जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि ह्यांनी हसत परत यायचं! मला राग आला होता. अक्कांनी बांधून दिलेली भाकरी खाल्ली, पालथ्या नावेच्या आडोशाला टेकलो — आणि झोपलो. जाग आली तेव्हा पलीकडचा काठ रिकामा होता.

घरी अक्कांनी विचारलं, "त्यासना फेटा दिखना का रे, पोरा?"

नाही म्हणालो. खोटं होतं का ते? दिसला नव्हताच.

माणसं काठाकाठानं शोधून आली. काही सापडलं नाही. पोळा गेला, दसरा गेला. मग नानांचे थोरले भाऊ, आबा, यांनी भटजींना बोलावलं. भटजी म्हणाले, "देह नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी लागते. मात्र बुडताना कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून आत्ताच अग्नी देता येईल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी झोपलो होतो — एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की ओसरी गेली, भाकरी गेली, अक्कांची माया गेली... मी म्हणालो, "पाहिलं. भोवऱ्यात गेले. अक्कांना सांगवलं नाही इतके दिवस."

मग काय विचारता! त्या पुतळ्यापायी जीव खाल्ला सगळ्यांनी. नानांसारखाच झाला पाहिजे म्हणे! आबांना मिशा हव्यात. दोस्तांना कमरेला पोहायचा भोपळा हवा. भटजी म्हणतात, शास्त्रात भोपळा नाही. त्यावर तासभर भांडण! आणि दर गोष्टीला — "याले इचारा, यानी देखेल शे." तोंड कुठं होतं? उगवतीला, म्हणालो. हात वर होता? होता. मी बोलायचो आणि ते पानांचा हात तसाच वर बांधायचे! शेवटी नारळाच्या डोक्यावर नवा लाल फेटा. तोही मीच बांधायचा, कारण नानांची बांधणी म्हणे मलाच ठाऊक.

नानांचा एक पैलवान दोस्त म्हणाला, "सकायले नाना दारशी उना, ते त्याले पाळणामा निजाडीसन बारसं करनं पडी बरं!" क्रिया झालेला माणूस जिवंत परतला, तर तो नव्यानं जन्मला असं धरून सगळे संस्कार पहिल्यापासून करावे लागतात ना, त्यावरून. सगळे हसले. अक्काही हसल्या. आणि हसता हसता त्यांनी दाराकडं पाहिलं.

तेव्हा तरी बोलायचं की नाही? पुतळा पेटला नव्हता. कुंकू अजून कपाळावर होतं. मी फेट्याचं टोक खोचत बसलो.

त्याच दिवशी अक्कांचं कपाळ पुसलं गेलं. माझ्या शब्दावर.

नाना बुडालेच असतील. बहुधा. पण पलीकडून त्यांनी फेटा हलवला असेल — हलवत राहिले असतील — तर? मला ठाऊक नाही. आणि ज्यानं पाहायचं, तो मीच होतो.

पुढं किती वर्षं मी अक्कांच्याच पंगतीला जेवलो. "शेवटलं तूच देखं त्यासले," म्हणायच्या, आणि घरच्यांआधी मला वाढायच्या. मी ते गिळलं. रोज.

आता मी धुळ्यात असतो. अक्का थकल्यात, पण धरणगावातच आहेत. त्यांचे उपकार मी एक दिवस फेडीन. त्यांच्यासमोर बसेन, आणि त्यांनी ताट वाढायच्या आधी सांगेन — मी पाहत नव्हतो.