ताईचं डोकं

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि मला तिचा मनापासून हेवा वाटायचा. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. एकदा वाचलं की तिला पाठ व्हायचं. मी घोकून घोकून घसा सुकवायचे आणि ही भाजी निवडता निवडता माझाच धडा मला म्हणून दाखवायची. गुरुजी मला 'तिची बहीण' म्हणूनच ओळखत.

त्यात भर पडली टोमॅटोची. नव्वदनंतर आमच्या संगमनेरकडे जो तो टोमॅटो लावायचा, आणि आठवड्यातून दोनदा फवारणी. अप्पा, म्हणजे आमचे वडील, पाठीवर पंप घेत आणि ताई पिंपात काठीनं औषध कालवून त्यांना भरून देई. तोंडाला ओढणी, तीही उकडलं की खाली. फवारणी झाली की दोघं विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसत. अप्पा दार लोटून बिडी पेटवायचे. बिडीच्या धुरानं औषधाचा वास मरतो, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. विष उतरायला आई तूप घातलेलं दूध पाठवी. ते पोचवायचं काम माझं. एक थेंब मला नाही.

"मी पन बसते," मी एकदा म्हणाले.

"तू घरी जा. वास डोक्यात जातो," अप्पा म्हणाले.

मग ताईच्या डोक्यात जात नव्हता का? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला पडला तो वेगळाच: घरात तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस तिच्याशी एवढं काय बोलतो? दाराच्या फटीतून धूर यायचा, त्याच्यामागून तिचं हसू यायचं. मी जळत घरी परतायचे.

ती दहावीला गेली. पुढं नर्सिंगला जायचं तिनं ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर एकदा ती बादली घेऊन विहिरीवर गेली आणि रिकामीच परत आली. "मी कशाला गेल्ते गं?" मी हसले. मग तिचं डोकं दुखायला लागलं, अक्षर थरथरायला लागलं. काल पाठ केलेली कविता आज तिला नवीन वाटे. आई म्हणाली, अभ्यासानं थकली. मी रोज तिच्याशेजारी बसून अभ्यास करायचे. हे थकणं नाही, हे घरात मला एकटीला कळलं होतं. आणि मी गप्प बसले. का, तर तिला न आठवलेली तिचीच कविता मी जेवताना घडाघडा म्हटली आणि अप्पा म्हणाले, "धाकटी बी लई हुशार हाय की." आयुष्यात पहिल्यांदा. ते माझ्याच्यानं सोडवेना.

मार्चच्या परीक्षेत ती दोन विषयांत नापास झाली. उन्हाळ्यात टोमॅटोच्या सरीतच चक्कर येऊन पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून चाललंय? आईला सांगता येईना. डॉक्टर चिडले. फवारा श्वासातून गेला की डोक्यावर परिणाम होतो, शिवाय कोंडलेल्या खोलीत बिडीचा धूर. त्यात किती कशामुळं, ते सांगणं अवघड. पण दूधतुपानं काही उतरत नाही. वेळीच आणली असती तर बरं झालं असतं, म्हणाले. अप्पा तीन दिवस तिच्या उशाशी बसून होते. लाज वाटते सांगायला, मला त्याचाही हेवा वाटला.

चक्कर थांबली, थरथर गेली. पाठांतर काही पूर्वीसारखं झालं नाही, आणि नर्सिंग राहिलंच. तिचं लग्न झालं, मी शिक्षिका झाले.

मागे माहेरी भेटलो तेव्हा कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तुझं बरं हाय, तुला सगळं ध्यानात राहतं. माझं कधीपासनं बिघडलं गं? आठवतंय का तुला?"

मला दिवस आठवत होता, वेळही.

"नाही गं," मी म्हणाले.