एका जटक्यात चार आवाज

सर्व रसिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे, की रेडिओच्या एका लाटेवर एका वेळी फक्त चार आवाज बसू शकतात. पाचवा चढला की लाट बसते. हा शोध जगातल्या कुठल्याही विद्यापीठाला अजून लागलेला नाही. तो बेंगळुरात, मल्लेश्वरमच्या एका ओसरीवर, उजव्या हाताची चार बोटं वर करून जाहीर झाला. अंगठा तळहातात घट्ट दाबलेला असे. तो चुकून वर आला तर विज्ञानाचं काय होईल!

त्या बोटांच्या मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. राहायला शेजारी आणि कामालाही बरोबर. यशवंतपूरला रेडिओचे संच जुळवण्याचा एक छोटा कारखाना होता, तिथे संचाच्या लाकडी खोक्याला पॉलिश करणं हे अण्णांचं खातं. खोक्याच्या आत काय चालतं याच्याशी त्यांचा कधी संबंध आला नाही, त्यामुळे त्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं.

“तम्मा, जटक्यात किती माणसं बसतात?” ते मला विचारायचे. जटका म्हणजे आमच्याकडची घोडागाडी. चार, मी म्हणायचो. पाचवा चढला तर? घोडा बसेल. “सरी! लाट म्हणजे घोडा. स्वल्प डोकं चालवायचं.” एवढं बोलून ते असे बघायचे, की जणू डोकं मला त्यांनीच आणून दिलंय.

हा घोडा ओसरीवरच बांधून राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांच्या बायकोचं, म्हणजे अक्कांचं, एक भजनी मंडळ होतं. सगळ्या बायका घरात मराठी बोलायच्या आणि गायच्या कानडी देवरनामं. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलं की तसंच होतं. गाणी बसवायच्या अक्का. त्यांचा आवाज असा, की दूधवाला माप हातात धरून दारातच उभा राही आणि पुढच्या घरचं दूध उशिरा पोचे. एक दिवस रेडिओ केंद्राकडून मंडळाला गाण्याचं बोलावणं आलं, तेही थेट प्रक्षेपणाचं. अक्कांनी त्याच दिवसापासून लोणचं सोडलं.

अण्णांनी बायकांना ओसरीवर बसवून जागांची वाटणी केली. हार्मोनियम, तबला, टाळ, झाल्या तीन जागा. उरली एक. म्हणून प्रत्येक कडवं एकेकीनं गायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

“आणि मी?” अक्कांनी विचारलं.

“तू नुसते ओठ हलव. तुझा आवाज दोन माणसांच्या वजनाचा आहे.”

जिनं मंडळ उभं केलं, तिनं ओठ हलवायचे! पण अण्णा पडले रेडिओतले. अक्का उठून आत गेल्या आणि त्या संध्याकाळी सारवलेलंच अंगण त्यांनी पुन्हा सारवलं. वर, टाळ वाजवायला आपण स्वतः येणार, असंही अण्णांनी सांगून टाकलं. घोड्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं ना!

हार्मोनियम उचलणारा म्हणून मीही केंद्रात गेलो आणि इंजिनियरच्या काचेच्या खोलीत उभा राहिलो. तिथेही अण्णांनी चार बोटं काढलीच. तो भला माणूस कानडीत समजावत होता. मायक्रोफोनचा पडदा एकच. दहाजणी गायल्या तरी सगळ्यांचे आवाज हवेतच मिसळतात आणि त्या पडद्याची एकच थरथर होते. ती जशी कमीजास्त होईल, तशी आमची लाट उंच आणि ठेंगणी होत जाते. सारूचा घोट एकच असतो, तरी जिभेला चिंच वेगळी लागते आणि मिरी वेगळी. ऐकणाऱ्याच्या कानाचंही तसंच. जपायचं असतं ते एकूण जोराला, डोकी मोजायची नसतात. आणि जोरासाठी हे बटण आहे.

“सारू वेगळं, लाट वेगळी,” अण्णा माझ्या कानात मराठीत म्हणाले. “पोरगा नवा आहे.” पोरगा बिचारा टकलावरून हात फिरवत बसला होता.

अण्णा टाळ घेऊन बायकांत जाऊन बसले आणि लाल दिवा लागला. पहिलं कडवं ठरल्याप्रमाणे झालं. एक बारीकसा आवाज, आणि अक्का ओठ हलवताहेत. काचेतून ते बघवत नव्हतं. पाण्याबाहेर काढलेल्या माशाचं तोंड तसं हलतं. दुसरं कडवं आलं. अक्कांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि सोडला आवाज! बाकीच्या जणू त्याचीच वाट बघत होत्या. सगळ्या एकदम तुटून पडल्या. इंजिनियरनं बटण केसभर फिरवलं आणि खुर्चीत मागं रेलला. खोलीतल्या स्पीकरमधून सगळं लख्ख येत होतं. तबला, टाळ, एकेक बाई ओळखू यावी अशी, सगळ्यांच्या वर अक्का. आणि मधेच, तितकंच लख्ख, “हळू! हळू गं, घोडा बसेल!”

एकाच लाटेवर बसून तेही गावभर गेलं.

पुढे महिनाभर मल्लेश्वरमच्या बाजारात अण्णांना भाजीवाल्या घोड्याची तब्येत विचारायच्या. माणूस खजील होईल की नाही? छे! “बघितलंस तम्मा? वेळेवर हळू म्हटलं, म्हणून लाट टिकली.”

त्यानंतर मंडळ कुठंही गायला बसलं की अण्णा टाळ घेऊन हजर. दुसरं कडवं आलं की “हळू!” आणि अक्का हटकून एक सूर वर. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि अण्णांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपलं ऐकलं जातंय.

ते गेले त्यानंतरच्या रामनवमीला गल्लीच्या मांडवात मंडळ पुन्हा बसलं. पानकाचे पेले फिरत होते. टाळ कुणीतरी सतरंजीवर तसेच ठेवले होते. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला अक्कांनी पदर खोचला, तोंड उघडलं, आणि थांबल्या. तबला दोन आवर्तनं एकटाच वाजत राहिला. मग साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा त्या दोन माणसांच्या आवाजात अक्का बोलून गेल्या:

“हळू म्हणायला कुणी नाही, तर सूर चढवू कुणावर?”