खेळ होता, लढाई नव्हती

जमादार गंगारामने मला फसवले. माझा कुत्रा भुऱ्या लढत नव्हता, खेळत होता, हे त्याला पक्के माहीत होते. तरी त्याने कप्तानासमोर त्या खेळाची लढाई करून दाखवली.

मी तेव्हा निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होतो, गंगारामच्या हाताखाली, जालन्याच्या छावणीत. भरती झालो तो घोड्यांसाठी गवत कापणारा म्हणून. दफेदारी मला कुणी ताटात वाढून दिली नाही. कडबा पारखून घेण्याचे काम माझ्याकडे होते. अंबडच्या रस्त्याने गाड्या येत. पेंढी सोडून, आत हात घालून, वास घेतल्याशिवाय मी एकही गाडी फाटकातून आत घेत नसे. जमादाराच्या मेव्हण्याच्या तीन गाड्या मी अशाच परत पाठवल्या. आतून बुरशी होती. रागाच्या भरात एक पेंढी मी मेव्हण्याच्या पायाशी आपटली, आणि ते घोड्यांच्या लाइनवरच्या सगळ्यांनी पाहिले. जमादाराने ते मनात ठेवले.

पाच वाजता ट्रम्पेट, साडेपाचला मालिश, सात वाजता घोडे पाण्यावर. त्याच वेळी हौदाजवळ दोन कुत्री भिडत. एक माझा भुऱ्या, कडब्याच्या गंजी राखणारा. दुसरा जमादाराचा शेरा. गुरगुर, लोळणे, मानेला धरणे, सगळे रोजचे.

नव्या माणसाला ती लढाईच वाटे. मलाही आधी वाटली होती. आमचे सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, उस्मानभाई. त्यांनी मला शिकवले.

"दफेदार, दात नका बघू. अंग बघा."

खेळणारा कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर करतो. अंग सैल, आवाज भरपूर. कधी हा वर, कधी तो. एक केकाटला की दुसरा सोडतो. खऱ्या लढाईत अंग ताठ होते, मानेवरचे केस उभे राहतात, नजर हलत नाही, आणि समोरचा कितीही केकाटला तरी पकड सुटत नाही. तरीही शंका राहिली तर वरच्याला धरायचे आणि खालच्याला मोकळे सोडायचे. खालचा पळून गेला तर तो मार खात होता. आपणहून परत आला तर खेळ.

त्या हिवाळ्यात दोन भटकी कुत्री घोड्यांच्या पायांत खरोखरच लढली. एक घोडी बिथरली, पाय मोडला, तिला गोळी घालावी लागली. हुकूम निघाला: लाइनमध्ये लढेल त्या कुत्र्याला गोळी. हुकुमात चूक नव्हती.

नंतर नवे कप्तान हैदराबादहून आले. पहिल्या इन्स्पेक्शनला साडेसातला ते हौदावर पोचले, तेव्हा शेरा वर आणि भुऱ्या खाली.

"ये क्या है?"

"खेल रहे हैं, साब," मी म्हणालो.

"मुझे दाँत दिख रहे हैं."

मी जमादाराकडे वळलो. "जमादारसाहेब, सांगा की. रोजचंच हाय हे."

"तुझा कुत्रा. तूच जाण."

मी सौदे करणारा माणूस. तिथेही सौदाच केला. म्हणालो, "साब, दो मिनट दीजिए. ऊपरवाले को पकड़ते हैं. नीचेवाला खुद लौटा तो खेल. भागा तो गोली."

कप्तानांनी घड्याळ पाहिले. "ठीक है."

जमादाराने शेराला मानेजवळ धरले. भुऱ्या उठला, दहा पावले गेला, अंग झटकले आणि वळला. पुढचे पाय टेकले, शेपटी हलवली.

"वापस आ रहा है," कप्तान म्हणाले. ते हसलेसुद्धा, आणि घड्याळ खिशात ठेवायला त्यांनी मान खाली घातली.

भुऱ्या शेरापासून हातभर अंतरावर आला. तेवढ्यात शेरा किंचाळला आणि त्याने भुऱ्याचे नाकाड फोडले. भुऱ्याने त्याचा कान धरला तो सोडेना. आता ती खरी लढाई होती. हौदावरचे घोडे उधळले. मी भुऱ्याचे मागचे पाय उचलले, उस्मानभाईंनी शेराला ओढले. कशीबशी सुटली.

"पहल किसने की?"

जमादार अटेन्शनमध्ये उभा राहिला. "दफेदार का कुत्ता, साब."

"झूठ!" मी ओरडलो.

"खामोश! एक लफ्ज और, तो फीत उतरेगी."

मी बाहीवरच्या फितीकडे पाहिले. गप्प बसलो. हे मी लपवत नाही.

गार्डचा सवार रायफल घेऊन आला. त्याने हलक्या आवाजात विचारले, "दफेदार, बांधू का तुम्ही धरता?"

"धरतो."

गंजीमागे भुऱ्या माझ्याबरोबर आपणहून चालत आला. आठ वाजून पाच मिनिटांनी एक राउंड झाडला गेला. भुऱ्याला तिथेच पुरले. नऊ वाजता कडब्याची गाडी आली, ती तपासली.

निजामी संपली, रिसाला मोडला. गावी जायच्या दिवशी उस्मानभाई मला स्टेशनवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. ते म्हणाले, "दफेदार, एक बात सांगायची राह्यली. जमादाराचा अंगठा म्या पाह्यला होता. शेराच्या कानामागची कातडी पिळली त्यानं. म्हणून तो किंचाळला."

माझे डोके फिरले. "मंग तवाच का न्हाई बोललात?"

"तुम्ही तरी पुढं बोललात का?"

 

भुऱ्या पाच वर्षांचा होता. उजवा कान अर्धा फाटलेला, रंग मातीचा. तो होता तोवर गंजीवर एकदाही चोरी झाली नाही. रिसाल्याच्या कुठल्याच कागदावर त्याचे नाव नाही, म्हणून इथे लिहितो.

जमादार गंगाराम आज बदनापुरात आहे. लग्नकार्यात फेटा बांधून पुढे बसतो आणि छावणीच्या गोष्टी सांगतो. त्याचे भांडण माझ्याशी होते. माझी फीत होती, माझी पाठ होती; त्यांवर हात टाकायचा होता. मुक्या जनावराचा कान पिळून दुसऱ्या मुक्या जनावराला गोळी का घालायला लावली, हे त्याने चारचौघांत, माझ्या तोंडावर सांगावे. दिवस आणि वेळ त्याने ठरवावी. मी बदनापूरला येतो.