उंबऱ्याबाहेरचा बूट

शाळेला रॅम्प झाला तेव्हा माझी दौंडकडं बदली होऊन बरीच वर्षं लोटली होती. एका लग्नासाठी शिरूरला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून जुनी शाळा बघायला गेले. वर्गाच्या दारापर्यंत सिमेंटचा छान उतार, बाजूला पिवळा रंग दिलेला लोखंडी कठडा. आणि त्या उतारावर खालपासून वरपर्यंत पोरांच्या चपला ओळीनं मांडलेल्या. दाराशेजारी भिंतीवर ठळक सूचना: चप्पल-बूट बाहेर काढावेत. माझं डोकंच फिरलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते ठीक, पण इथं त्या घोड्यावर कुणाला बसता येऊ नये याचीही सोय केलेली होती.

ज्या मुलीमुळं त्या उताराचं नाव पहिल्यांदा निघालं, ती नव्वदच्या दशकात माझ्या तिसरीच्या वर्गात होती. इनामगावापासून जवळच, घोड नदीच्या काठचं गाव. तिचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. वडिलांनी मेंढरं विकली आणि कांदा करायला लागले. पोलिओनं तिचा एक पाय पार लुळा झाला होता, दुसऱ्यातही फारसा जोर नव्हता. वडील सायकलवरून आणून दारात सोडायचे, तिथून ती हातांवर रेटा देत सरकत आपल्या जागेवर जायची.

मग दौंडला एका शिबिरात तिला कॅलिपर मिळाला. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे, आणि खाली त्या सळ्यांनाच जोडलेला काळा बूट. काखेत एक कुबडी. पहिल्या दिवशी ती अंगण ओलांडून टक टक करत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढी उंच आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"बाई, आता मी बी फळ्यावर गणित करणार," ती म्हणाली.

आणि असं म्हणून ती उंबऱ्याशी खाली बसली आणि पट्टे सोडायला लागली. कारण चप्पल घालून वर्गात जायचं नाही, हे आमच्या शाळेत पहिलीतलं पोरही सांगायचं. फळ्याच्या वर सरस्वतीची तसबीर होती. बूट काढायचा तर सळ्या काढाव्या लागत, आणि सळ्या काढल्या की पाय गेला. तिनं कॅलिपर चपलांशेजारी भिंतीला टेकवून ठेवला आणि नेहमीसारखी सरकत आत गेली.

मी हेडमास्तरांकडं गेले. हा माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं! पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिला खांद्यावर बसवून शाळेत आणणारा माणूस. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

"सर, तो बूट नाही. तो तिचा पाय आहे."

"बाई, वर देवी आहे. पोरीला मी उचलून बसवतो की! आणि फळ्यावर नाही लिहिलं म्हणून काय अडलंय? पाटीवर करू द्या."

"मग तसबीर ऑफिसात लावू."

"आणि गावाला काय सांगू? बाईंनी सरस्वती हलवली?"

तिच्या वडिलांना तरी पटेल म्हणून त्यांना थांबवून विचारलं. त्यांनी मलाच हात जोडले. "बाई, पोरगी आधीच भोगतीया. आजून बुटानं आत नेऊन पाप कशाला लावायचं? खाली बसून बी इद्या येतीच की."

हे ऐकून मला रडावं की ओरडावं कळेना. सगळे तिच्या भल्याचंच बोलत होते आणि ती जमिनीवरच होती. गुंडाळी फळा लिंबाला टांगून मी वर्ग बाहेर घेऊन पाहिला. ती खडू टेकवायची आणि फळा मागं जायचा. वाऱ्यानं तर तो सारखा फडफडायचा. धड खोली असताना पोरं उन्हात का, म्हणून हेडमास्तरांनी तेही बंद केलं.

मग एकदा तपासणीला साहेब आले. नारळ, शाल, पेढे. साहेबांचे बूट असे चकचकीत की त्यात तोंड बघावं. ते बूट घालून साहेब उंबरा ओलांडून थेट तसबिरीखाली येऊन उभे राहिले. हेडमास्तर हात बांधून मागं. ती पहिल्या रांगेत जमिनीवर होती, ते बूट अगदी तिच्या डोळ्यांसमोर. ती त्यांच्याकडंच बघत होती.

साहेबांनी हातच्याची वजाबाकी घातली. पहिला हात तिचा वर गेला.

"शाब्बास. ये, फळ्यावर करून दाखव."

ती जागची हलली नाही.

"अगं, ऊठ की!"

"सायेब, माजा बूट भायेर हाय."

"असू दे, असू दे," साहेब हसून म्हणाले, "अनवाणी ये."

वर्गात सगळ्यांना कळलं, फक्त साहेबांना नाही. हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. माझा संताप आता हातात उतरला होता. मी बाहेर गेले, कॅलिपर आणि कुबडी घेऊन आत आले आणि साहेबांच्या बुटांपाशी गुडघे टेकून तिचे पट्टे आवळले. ती उठली. टक टक करत फळ्यापाशी गेली. हात कसाबसा फळ्याच्या मध्यापर्यंत पोचला. वजाबाकी बरोबर आली. पण गणित झाल्यावरही ती खडू धरून तशीच उभी होती, आणि मीही तिला बस म्हटलं नाही.

साहेब हेलावले. जाताना शेऱ्यात लिहून गेले: शाळेस उतार करावा. दाराला पायरी एकच होती, आणि त्या पायरीनं तिला कधीच अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर आले. फळा पुसून ठेवला, एक सोपं आणि एक अवघड अशी दोन गणितं मनाशी काढून ठेवली. ती आली, उंबऱ्याशी बसली आणि पट्टा सोडायला लागली.

"अगं, काल आली होतीस ना आत? चल तशीच."

तिनं मान वर केली. मंद पोराला समजवावं तसं मला म्हणाली, "काल सायेब व्हते, बाई."

आणि तिनं पुढचा पट्टा सोडला.